कोऱ्या निरोपांवर बंदी

साहेबांना कोऱ्या निरोपांचा भारी राग होता. कंपनीच्या गप्पांच्या ॲपमध्ये कुणी नुसतीच स्पेस दाबून पाठवली, की समोरच्याच्या स्क्रीनवर एक रिकामा फुगा उमटायचा. ग्राहक विचारायचे, हे काय आहे?

"हे फुगे मला दिसता कामा नयेत," साहेब म्हणाले. "सोमवारी नवी आवृत्ती लोकांच्या हातात जाणार. माणसाला काही लिहायचंच नसेल तर तो पाठवतो कशाला?"

काम बारकीकडे आलं. तिचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. घरी, शेजारी आणि आता ऑफिसातही ती बारकीच. ॲपमधल्या मजकुराची किरकोळ वाटणारी सगळी कामं तिच्या गळ्यात असत. लांबलचक ओळ कुठे तोडायची, दुसऱ्या फोनवरून आलेला मजकूर नुसते चौकोन न दिसता अक्षरांसारखा कसा दिसेल, असल्या गोष्टी. त्यासाठी तिने छोटी छोटी रूटीन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, लिहून ठेवली होती. ती नीट चालत तोवर त्यांची कुणी विचारपूसही करत नसे.

रिकामी जागा म्हणजे एकच चिन्ह, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तिचं खटलं मोठं आहे. साधी स्पेस, रुंद स्पेस, टॅब, नवी ओळ; काही चिन्हं तर अशी की ती असतात, पण तसूभरही जागा अडवत नाहीत. बारकीने आधी सगळ्यांना सरसकट हाकललं, तर जोडाक्षरं खिळखिळी झाली. त्या न दिसणाऱ्यांपैकी एक जण अक्षरांना धरून बसलेला होता. मग तिने मजकुराचा मधला भाग सोडला आणि फक्त दोन्ही टोकं साफ केली. साफ करून हाती काहीच उरलं नाही, तर निरोप पाठवायचा नाही, गुपचूप टाकून द्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती नेहमीप्रमाणे आधी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांच्या फोनवर गेली. काय बिघडलंय ते घरचे लोक तोंडावर सांगतात, असा साहेबांचा अनुभव होता.

शनिवारी सकाळी आई फोन घेऊन तिच्या डोक्याशी उभी.

"बारके, तुझं ॲप बिघडलंय. माझा निरोप जात नाहीये."

"काय लिहिलंयस?"

"काही नाही."

"मग?"

"मग काय मग? तेच जात नाहीये."

बारकी उठून बसली. निरोप मावशीला होता. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. आईने हौसेने नवे पडदे लावले, तेव्हा मावशी दारातच थांबून म्हणाली होती, "छान! अगदी दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." त्या दिवसापासून आईने अबोला धरला होता. तो गेले कित्येक महिने कसा टिकून आहे, ते बारकीला आत्ता कळलं. आई रोज सकाळी मावशीला एक कोरा निरोप पाठवत होती.

"मी तिच्याशी बोलत नाही, हे तिला कळायला नको?"

"आई, तू बोलली नाहीस की कळेलच."

"कसं कळेल? तिला वाटेल मी कामात आहे. नाहीतर विसरले तिला. मी रागावलेय, विसरलेली नाहीये."

"बरं, मग एक टिंब पाठव. टिंब जातं."

"टिंब!" आईने कपाळाला हात लावला. "टिंब पाठवलं म्हणजे बोललेच की. आज टिंब, उद्या 'कशी आहेस'. एवढी काही मी विरघळलेली नाही."

मग तिने लेकीला सगळं समजावून सांगितलं. एक स्पेस म्हणजे रोजचा राग. मावशीच्या वाढदिवसाला चार रिकाम्या ओळी, कारण त्या दिवशी न बोलणं जास्त जड गेलं. आणि मावशीला ताप आला होता, तेव्हा अर्धी स्पेस.

"अर्धी स्पेस नसते आई."

"मी हळूच दाबली होती."

बारकीला आपली शुक्रवारची आवृत्ती आठवली. या दोघींमध्ये एकच धागा उरला होता आणि तो तिने स्वतःच्या हातांनी छाटला होता. वर तो नीट छाटला गेला की नाही, हे चार वेळा तपासलंही होतं. मावशीला आता काय वाटेल? ताईने तोडलंच शेवटी, असंच.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. मावशी धापा टाकत आत आली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची, आणि काखेत रक्तदाब मोजायचं यंत्र.

"ताई कुठाय? सकाळचा आलाच नाही!"

आई समोरच उभी होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मावशीने तिला खुर्चीत दाबून बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला.

"बोलत नाहीये! बारके, हिची वाचा गेली गं!"

"वाचा नाही गेली मावशी. ती तुझ्याशी बोलत नाहीये."

"ते मला ठाऊक आहे. पण तसं ती रोज कळवते ना! आज कळवलं का नाही?"

आईने मोकळ्या हाताने फोन उचलला, मावशीच्या नाकासमोर धरला आणि ठसक्यात स्पेस दाबून पाठवली. मावशीने आपला फोन पाहिला. काही नाही. आईने पुन्हा दाबली, मग पाच-सहा ओळींचं संतप्त काही-नाही पाठवलं. मावशीचा फोन ढिम्म.

"बोटांतली शक्ती गेलीय," मावशी रडकुंडीला आली. "रिक्षा बोलव. ताई, ऊठ. माझ्यावर राग असू दे, पण ऊठ."

"अगं बये, मी तुझ्याशी बोलत नाहीये!" आई ओरडली.

पट्टा फुसकन हवा सोडत सैल झाला.

"बोललीस," मावशी हलकेच म्हणाली.

"बोलले नाही. सांगितलं."

"सांगणं बोलण्यातच धरतात. विचार बारकीला."

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. बारकी खोटं बोलू शकत नसे, निदान मजकुराच्या बाबतीत.

"निरोप कोरा नव्हता," ती म्हणाली.

मग जे सुरू झालं, ते उन्हं उतरेपर्यंत थांबलं नाही. कित्येक महिन्यांचं साठलेलं दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि तरी एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. पडद्यांवरून नव्याने भांडण झालं. त्यात मावशी हरली, पण शब्द मागे घेतला नाही. मध्येच तिने आपला फोन आईपुढे धरून सगळे रिकामे फुगे वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवले. "तुझा एकही पुसला नाही मी." आईने एका फुग्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा बघ, हा अर्धा."

बारकीने लॅपटॉप उघडला. फुगे दिसायला नकोत हे साहेबांचं म्हणणं ठीक होतं. पण आपलं काही पोचलंच नाही, हे पाठवणाऱ्याला तरी कळायला हवं. तिने रूटीनमध्ये भर घातली. निरोप कोरा निघाला, तर आता तो गुपचूप टाकला जाणार नव्हता. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर एक ओळ येणार होती. 'काही लिहायचं राहिलं का?'

मावशी निघून गेल्यावर तिने आईकडून चाचणी करून घेतली. आईने स्पेस दाबली, ओळ वाचली, आणि चष्मा वर सरकवला.

"भोचक आहे गं हे. याला उत्तर द्यावं लागतं का?"

"नाही."

"मग मी याच्याशी बोलणार नाही," आई म्हणाली, आणि तिने सरळ मावशीला फोन लावला.