बटणं लावलेलं जग

मित्रांनो, आधी हात धुऊन या, मगच जवळ बसा. मी जगाचा एक जुना, कापडी नकाशा आहे. अंबडच्या एका शाळेत खिळ्यावर लटकून माझं निम्मं आयुष्य गेलं. माझं रूप पाहून तुम्ही हसाल. अंगभर ठिगळं, टाके आणि बटणं! हसा खुशाल, पण तेच माझे दागिने आहेत बरं का.

छापखान्यातून आलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. इतिहासाच्या विमलबाई छडी टेकवत माझ्यावरून जग शिकवायच्या. मग तिकडे बर्लिनची भिंत पडली आणि माझ्यावर मात्र दोन जर्मनी तशाच! बाईंनी घरून सुई-दोरा आणला आणि दोन्हींवर मिळून एकच हिरवं ठिगळ लावलं. पुढे सोव्हिएत संघ फुटला. अरे बापरे! पंधरा देशांच्या सरहद्दी लाल दोऱ्यानं घालता घालता बाईंची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली.

एखाद्या थोर माणसाचा धडा संपला, की बाई त्याच्या ठिकाणी एक बटण शिवायच्या. गांधीजींना ज्या स्टेशनावर गाडीतून उतरवलं, तिथं सदऱ्याचं पांढरं बटण. मंडेला ज्या बेटावर कैदेत होते, तिथं कोटाचं मोठं काळं. पहिला माणूस अंतराळात जिथून उडाला, तिथं चमचमतं टिचबटण. बटण द्यायला पोरांची अशी झुंबड उडायची, की घरी गेल्यावर कितीजणांना उघड्या सदऱ्यापायी बोलणी बसायची.

बाई निवृत्त झाल्या. नवे मुकुंदसर आले आणि त्यांच्यासोबत भिंतीवर मोठा, चकचकीत, काचेचा डिजिटल पडदा आला. सर शिपायाला म्हणाले, "पुंजाराम, हे काढा. ह्याच्यावर अजून सोव्हिएत संघ छापलेला आहे. पोरं चुकीचं शिकून राह्यली."

सरांचं तरी काय चुकलं? पण माझा जीव कासावीस झाला. पुंजारामनं मला गुंडाळून खिचडी शिजवणाऱ्या प्रभावतीमावशीकडे दिलं. मावशी माझ्यावर डाळ निवडायला लागली. आफ्रिकेवर तूरडाळ, हिंदी महासागरात खडे! एवढंही मी सोसलं. पण एके दिवशी मावशी कात्री घेऊनच आली. "बराबर जाड हाय. कापून भांडी उतरायची फडकी करते."

शेजारी सहावीतली अंतरा डाळ चाचपत होती. तिला जन्मापासून दिसत नाही, जीभ मात्र भारी तिखट. पडद्यावरचा तास सुरू झाला की ती मावशीकडे येऊन बसायची.

"अंतरा, हात काढ. कापायचंय."

"थांब की मावशी! हे काय लागून राह्यलं बोटाला? बटन हाय! अन् ही दोऱ्याची ओळ कुठं चालली?"

"जुना नकाशा हाय गं तो जगाचा."

"नकाशा?" अंतरा एवढ्यानं ओरडली, की मुकुंदसर वर्गातून धावत आले. तास सोडल्याबद्दल ते तिला रागावणार होते, पण तिची बोटं पाहून थबकले. इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता ते खाली बसले आणि त्यांनी तिचं बोट धरलं.

"हे मंडेलांचं बेट. इथून थोडं उजवीकडं ये. हां, इथं गांधीजींना गाडीतून उतरवलं."

अंतरा किती तरी वेळ फिरत राहिली. मग म्हणाली, "सर, जग असं असतंय होय? मला तर वाटलं, काचेचंच असतंय."

सरांनी मावशीच्या हातातली कात्री काढून घेतली आणि मी सुटकेचा असा श्वास सोडला, की डाळीचे दोन-चार दाणे घरंगळले!

"मंग आपण कुठं हाव?" तिनं विचारलं.

सरांनी पाहिलं, तिथं बोटाला लागेल असं काहीच नव्हतं. बाईंनी साऱ्या जगाला टाके घातले आणि आपलंच गाव राहिलं. सरांनी बाहीचं बटण तोडलं, सुई मागवली आणि तिथंच बसून ते शिवलं. त्याखाली अख्खा मराठवाडा झाकला गेला, पण अंतराला अंबड सापडलं. सुई टोचली तरी मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण खालच्या, अंतराचा हात पुरेल अशा. दक्षिण सुदानची सरहद्द यायची आहे, ती पोरं शनिवारी घालणार आहेत. मित्रांनो, घरातलं काही जुनं टाकायला काढाल ना, तेव्हा आधी त्याच्यावरून एकदा हात फिरवून बघा. एवढंच मागणं आहे माझं.

आणि हो, मुकुंदसरांची एक बाही अजून उघडीच आहे.