सुनावणीत आई बोलते

बोलणाऱ्याने ‘मी’ म्हटलं की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘त्या म्हणतात की’, ‘साहेबांचं म्हणणं असं’ असली शेपटं लावायची नाहीत. हा त्या कामातला पहिला नियम. मंत्री म्हणाला, मी शब्द देतो, की आपल्या हातांनीही शब्द द्यायचा. चोर म्हणाला, मी तिथे नव्हतोच, की आपणही तिथे नव्हतो.

दुसरा नियम: पदरचं घालायचं नाही, नको ते गाळायचं नाही. आणि चूक झालीच, तर दुरुस्ती तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत.

ती हे काम कॉलेजात असल्यापासून करत होती. खरं तर त्याच्याही आधीपासून. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे घरमालकाशी हुज्जत घालायची ती हिने, आणि शाळेतल्या बाईंनी केलेल्या हिच्याच तक्रारी आईपर्यंत पोचवायच्या त्याही हिनेच. बाई ‘उनाड’ म्हणाल्या की हिच्या हातात येईपर्यंत त्याचं ‘चपळ’ व्हायचं. पण तेव्हा ती लहान होती, आणि तेव्हा तिला पगार नव्हता.

सभागृह

प्रश्न असा होता: अणुवीज केंद्र पुन्हा सुरू करावं की नाही. पाइपांना बारीक चिरा सापडल्या म्हणून ते बंद केलं होतं, आणि तेव्हापासून संध्याकाळ झाली की वीज जायची. कधी लगेच यायची, कधी वाट बघायला लावायची. लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं म्हणून ही जाहीर सुनावणी ठेवली होती. लोक सकाळपासून एकमेकांचं सोडून बाकी सगळं ऐकत होते.

"गॅस शेजारच्या देशातून येतो," कारखानदारांच्या संघटनेचा माणूस म्हणाला. "उद्या त्यांनी तोटी फिरवली की आपण काय करायचं? फुंकणी घेऊन बसायचं?"

टाळ्या.

"आणि वापरून झालेलं इंधन कुठे ठेवणार?" समोरच्या बाजूच्या एक वकीलबाई उठल्या. "तुमचे खापरपणतू मातीत जातील तरी ते तापलेलंच असणार. पुरता का तुमच्या अंगणात?"

तेवढ्याच टाळ्या.

मंचाच्या उजव्या कोपऱ्यात ती आणि दादा आळीपाळीने उभे राहत होते. दादा म्हणजे तिचा सहकारी; वयाने मोठा, हाताने तिच्याहून सावकाश, पण पक्का. पहिल्या रांगेत ऐकू न येणारी मंडळी. ऊर्जा खात्याच्या अधिकाऱ्याचं लांबलचक भाषण संपलं, तेव्हा त्या रांगेतल्या म्हाताऱ्या सुताराने दादाला खुणेने विचारलं, "तो एवढा बडबडला आणि तू हात एवढेच हलवलेस? मधलं खाल्लंस की काय?"

"होतंच तेवढं," दादाने हातांनी सांगितलं.

पहिली रांग आवाज न करता खदखदली. अध्यक्षांना काही कळेना. त्यांनी हनुवटी खाजवली. खुणांच्या भाषेत माणसाचं नाव त्याच्या सवयीवरून पडतं. अध्यक्षांचं नाव सकाळीच ‘हनुवटी’ पडून गेलं होतं.

आई त्याच रांगेत कडेच्या खुर्चीवर होती. ती हसली नाही.

दुभाष्याला मत नसतं, असं तिची मुलगी नवख्या मुलांना शिकवायची. घरी मात्र तिला मत होतं आणि ते ठाम होतं: केंद्र बंदच राहायला हवं. आईचंही मत होतं. आज आई बोलणार होती, केंद्र सुरू करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने. सकाळी चहा घेताना मुलीने विचारलं होतं, "काय बोलणार आहेस?"

आईने कप खाली ठेवला, हात मोकळे केले. "तिथे कळेल. तू असणारच आहेस."

भाऊ गेल्यापासून दोघींमध्ये किल्ल्या, साबण, दूध एवढंच बोलणं उरलं होतं. त्या संध्याकाळबद्दल आईने अजून अवाक्षर काढलं नव्हतं. मुलगी वाट बघत होती. शिव्या दे, पण एकदा बोल.

घर (इथे नियम लागू नाहीत)

धाकटा भाऊ. गालावर खळी, म्हणून त्याचं नाव खळी: गालावर टेकवलेलं एक बोट. त्याचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत गेले, आणि आडवं पडलं की श्वासाला यंत्राचा आधार लागायला लागला. वीज गेली की यंत्र बॅटरीवर चालायचं. बॅटरी संपत आली की गजर करायचं. घरातली कामं वाटून घेतलेली होती: त्याचं सगळं आई करायची, ऐकायचं तेवढं हिच्याकडे.

बाकी घर आईच्या सोयीने बांधलेलं. दाराची बेल म्हणजे दिवा. कुणी बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा उघडझाप करायचा. वीज गेली की बेलही गेली. आणि वीज गेली की आईची भाषासुद्धा गेली. अंधारात हात दिसतात कुठे?

त्या संध्याकाळी...

मंचामागे

"मी घेतो," दादा कुजबुजला. "तू खाली बस."

"माझी पाळी आहे."

"पाळी गेली खड्ड्यात. आई आहे तुझी. त्या काय बोलतील, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग? हट्ट कशाला?"

आई तोवर पायऱ्या चढून वर आली होती. तिने दादाकडे बघितलं, मान हलवली आणि मुलीकडे बोट केलं. "हीच. मला दुसऱ्याचा आवाज नको."

ज्या बाईने आयुष्यात एकही आवाज ऐकला नव्हता, ती हे म्हणाली. दादा बाजूला झाला.

हात आणि तोंड

हात: मोकळे, छातीसमोर.

तोंड: "नमस्कार. मला ऐकू येत नाही. माझा मुलगा वीज गेली तेव्हा गेला."

हात: गालावर एक बोट. मग तेच बोट थोडा वेळ तिथेच.

तोंड: "त्याचं नाव..." ती अडखळली. या नावाला तोंडाने म्हणायला शब्द आहे, पण आईने तो कधीच वापरला नव्हता. "त्याचं नाव खळी."

सभागृहात कुणीतरी नाक ओढलं.

हात: वेगात. डावा तळवा यंत्र, उजवा तळवा त्यावर.

तोंड: "रोज वीज जात होती. रोज बॅटरी वापरून वापरून तिचा जीव गेला होता, ते मला कळलं नाही. दिवे गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, बॅटरी आहे, नेहमीसारखी चालेल. मी चाचपडत कंदील शोधत होते. यंत्र ओरडत होतं. शेजारीण दार बडवत होती. मी काड्यापेटी शोधत होते."

एवढं तिने स्वच्छ आवाजात म्हटलं. ‘मी’, ‘मी’, ‘मी’. हिच्याच तोंडून.

हात: आता सावकाश. आई सभेकडे बघतच नव्हती. मुलीकडे बघत होती.

तोंड: "माझ्या घरात एकच ऐकणारं माणूस आहे. माझी मुलगी. ती त्या संध्याकाळी एका सभेला गेली होती. केंद्र बंदच ठेवा म्हणणाऱ्यांच्या सभेला. मी तिला म्हटलं होतं, आज जाऊ नकोस. ती म्हणाली, लवकर येते."

दादाने मान खाली घातली. सभागृहाला काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होती एक बोलणारी बाई आणि तिचं म्हणणं सांगणारी दुसरी.

तोंड: "हे लोक म्हणतात, वीज नव्हती म्हणून तो गेला. खरं आहे. घरात ऐकणारं कुणी नव्हतं म्हणूनही गेला. तेही खरं आहे. केंद्र सुरू करा. दुसऱ्या कुणाच्या घरी असं व्हायला नको. पण केंद्र सुरू झालं तरी माझा माझ्या मुलीवरचा राग जाईल असं... असं मला वाटत नाही. मी प्रयत्न करते. जमत नाही."

एक अक्षर गाळलं नाही. एक घातलं नाही. आईने तिच्या ओठांकडे नीट बघून खात्री करून घेतली, आणि किंचित मान डोलावली. कामात चोख आहेस, असं सांगावं तशी.

चला, झालं एकदाचं, असं मुलीला वाटलं. आई बोलली. रागाने का होईना, माझ्याशी बोलली.

पुढचे वक्ते

पुढचे वक्ते प्राध्यापक. केंद्राला विरोध करणाऱ्यांचे बिनीचे शिलेदार. त्या संध्याकाळच्या सभेत तिने यांचंच भाषण हातांनी सांगितलं होतं. तिची पाळी अजून संपली नव्हती. आई खाली जाऊन खुर्चीवर बसली, आणि तिने नजर वर करून मुलीच्या हातांवर ठेवली.

"या आईंबद्दल मला आदर आहे," प्राध्यापक म्हणाले. तिने सांगितलं.

"त्यांच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे." तिने सांगितलं.

"पण दुःखाला पुढे करून कुणी देशाचं धोरण ठरवू नये. स्पष्टच विचारतो. ज्यांना गजर ऐकू येत नाही, त्यांच्या भरवशावर असं यंत्र ठेवलंच कसं? हा विजेचा प्रश्न नाही. हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. त्याचं खापर तुम्ही कशावर फोडता?"

तिचे हात हवेत थांबले. मग हलले.

"मी या आईंची माफी मागतो," तिच्या हातांनी सांगितलं. "अशा घरांना सरकारने नव्या बॅटऱ्या द्यायला हव्या होत्या. यात कुणाचाच दोष नाही."

आई बघत होती. हातांकडे बघत होती, आणि हातांच्या पलीकडे सभागृहाकडेही. माफी मागितल्यावर लोक असे ओरडत नाहीत. कारखानदारांचा माणूस खुर्चीवर उभा राहिला होता. वकीलबाईंनी स्वतःच्याच बाजूच्या माणसाकडे बघून कपाळावर हात मारला होता. अध्यक्ष टेबल बडवत होते. आणि प्रत्येकजण वळून वळून आईकडे बघत होता.

आईने विचारलं, "काय म्हणाला?"

"सांगितलं ना."

दादा उठला. तिच्या खांद्याला हात लावला. पाळी बदलायची असली की लावतात तसा, हलकेच. ती हलली नाही. त्याने तिला हळूच बाजूला सारलं, तिच्या जागी उभा राहिला आणि पहिल्या रांगेला उद्देशून खूण केली: दुरुस्ती.

मग त्याने प्राध्यापकांचं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ‘निष्काळजीपणा’ सांगताना त्याचा चेहरा रडवेला झाला होता, पण हात चुकले नाहीत. म्हाताऱ्या सुताराने आईच्या पाठीवर हात ठेवला. आईने पूर्ण वाक्य बघून घेतलं. मग पदर सारखा केला, उठली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली.

जिना

मधल्या वळणावर जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. आई तिथे उभी होती. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. हात नीट दिसत होते.

"आई, ऐक..."

"त्यात लपवण्यासारखं काय होतं?" आईचे हात तुटक होते. "हे मी रोज स्वतःला म्हणते. भांडी घासताना म्हणते. त्या माणसाने नवीन काय सांगितलं?"

"सगळ्यांसमोर तुला... मला नाही जमलं ते सांगायला."

"माझा राग सांगायला जमलं. तो बरोबर सांगितलास. मला बरं वाटलं. म्हटलं, काही झालं तरी पोरगी खोटं नाही सांगत." आई थांबली. काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आतून येताना दिसलं. हात वर आले, परत खाली गेले, पुन्हा वर आले.

"दवाखान्यात," आई म्हणाली. "त्या दिवशी. ती डॉक्टरीण. ती म्हणाली, त्याला काही कळलं नाही. घाबरला नाही, गुदमरला नाही. आधीच शुद्ध हरपली होती."

"हो."

"ती म्हणाली? की तू म्हणालीस?"

मुलीचे हात धावले. "ती म्हणाली, आई. शप्पथ. जसंच्या तसं. तिचं वाक्य होतं ते, माझं नाही."

"आत्तापण तू म्हणालीस, माफी मागतो."

"आत्ताचं वेगळं. ते खरं होतं! चल, आत्ता जाऊ तिच्याकडे. विचारू."

"तिथेही सांगणार कोण? तूच ना?"

"दादाला नेऊ. दादा सांगेल. तो गाळत नाही, बघितलंस ना आत्ता."

आईने यावर विचार केला. खरंच केला, खिडकीबाहेर बघत, ओठ घट्ट मिटून. एवढ्या महिन्यांत ती त्या एका वाक्याच्या आधाराने जेवत होती, झोपत होती, हे मुलीला आत्ता, या क्षणी कळलं.

"नको," आई म्हणाली. "ती तसं म्हणालीच नसेल तर?"

"म्हणाली होती!"

हे तिने तोंडाने ओरडून म्हटलं. जिन्यावर आवाज घुमला. खालच्या मजल्यावरचा पहारेकरी वर डोकावला. आई मात्र खिडकीकडेच बघत होती.

पुन्हा सभागृह

दादाचे हात आले होते भरून. त्याने तिला खुणावलं: जमेल? ती जाऊन उभी राहिली. दुसरं कुणी नव्हतंच.

आईसुद्धा परत आली. आपल्या खुर्चीवर बसली. मंचावर वीज मंडळाचा कुणी हिशेबनीस दरवाढीबद्दल बोलत होता: केंद्र सुरू केलं तर एवढी, नाही केलं तर एवढी. कंटाळवाणं होतं सगळं, पण तिने जीव तोडून सांगितलं, एकेक आकडा, एकेक ‘परंतु’. पहिली रांग तिच्याकडे बघत होती. सुतार तिच्याकडे बघत होता.

आई हिशेबनीसाच्या तोंडाकडे बघत होती. भुवया आवळून, मान पुढे काढून, ओठांवरून काही कळतंय का ते शोधत. त्याला जाड मिशा होत्या आणि समोर माइक होता. आईला एक अक्षर कळत नसणार. तरी ती नजर हटवत नव्हती.

"मी आपल्याला खात्री देतो," हिशेबनीस म्हणाला.

मी आपल्याला खात्री देते, असं तिने हातांनी आईला सांगितलं, आणि पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिली.