एका पायावर

"डोळे मिट. हात कमरेवर. आता उजवा पाय उचल," देवयानी म्हणाली.

रोनन फोमच्या निळ्या गादीवर अनवाणी उभा होता. त्याने डोळे मिटले, पाय उचलला, आणि देवयानीने स्टॉपवॉच दाबलं. बाहेर रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी घरघरत फिरत होती. गाडीने अर्धी फेरीही पुरी केली नसेल, तेवढ्यात रोननचा पाय खाली टेकला.

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच.

"चक्कर येतेय?"

"थोडी," रोनन म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने बाकावरचा मोजा उचलला आणि नुसताच उलटासुलटा करत राहिला. देवयानीने त्याला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

देवयानी डब्लिनच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागात डॉक्टर होती. राहायलाही तिथेच, सँट्रीला. मॅचच्या दिवशी मात्र ती सकाळीच गाडी काढायची आणि बॉर्डर ओलांडून बेलफास्टला यायची. लॅगन रेव्हन्स या आइस हॉकी संघाची ती तीन वर्षं डॉक्टर होती. ऑगस्टमध्ये तिने सगळ्या खेळाडूंची हीच तोलाची परीक्षा घेतली होती, तेव्हा रोनन बगळ्यासारखा उभा राहिला होता, अगदी तिला कंटाळा येईपर्यंत. गेल्या शनिवारी त्याला कडेच्या फळीवर जोराची धडक बसली. दोन दिवस डोकं दुखलं, मग थांबलं. गुरुवारी तो पुन्हा बगळ्यासारखा उभा राहिला होता, आणि आज तो खेळू शकतो अशी सही करायची तेवढी बाकी होती.

आठवडाभर तिने तयारी केली होती ती उलट्या प्रसंगाची. हॉकीवाले दुखणं लपवतात. बरगडी मोडलेला माणूसही 'ग्रँड', मस्त आहे, म्हणतो आणि बूट बांधायला लागतो. रोननने असं काही सोंग केलंच तर त्याला आणि कोच गॅरीला काय सुनावायचं, ती वाक्यं तिने येताना गाडीत दोनदा म्हणूनही पाहिली होती. आता नाही म्हणायचं कारण आयतंच ताटात येऊन पडलं होतं. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

आजची मॅच सेमीफायनलची होती. जिंकले तर फायनल, हरले तर सीझन संपला. गेल्या वर्षी रेव्हन्स चॅम्पियन झाले तेव्हा ते होतील असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, म्हणून सगळी मजा होती. यंदा तीच पोरं, तेच कपडे, पण मजा पार निघून गेली होती. चॅम्पियनना पाडायला जो तो कंबर कसून यायचा. ऑक्टोबरात दोघांचे गुडघे गेले, नाताळात गोलकीपरची मांडी दुखावली, आणि फेब्रुवारीपासून रोनन एकटाच गाडा ओढत होता. बेलफास्टमध्ये जन्मलेला, इथल्याच बर्फावर पडून-उठून शिकलेला कॅप्टन. शहराने त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि अशा माणसाला आपल्या आपण खाली उतरता येत नाही. त्याच्या नावाचे मफलर आजही दारात विकायला होते.

फोन वाजला. नवरा होता, राजीव. रेव्हन्सचं वेड आता सँट्रीतल्या मराठी मंडळींनाही लागलं होतं. खेळ अर्ध्याअधिकांना कळत नव्हता, पण आपली देवयानी तिथे उभी असते एवढं त्यांना पुरेसं होतं.

"अगं, रोनन खेळतोय ना? ग्रुपवर सगळे माझं डोकं खातायत."

"मला आत्ता बोलता येणार नाही."

"फक्त हो की नाही ते सांग. पंधरा जण बसलेत इथे, मिसळ केलीय मी. आणि तो काय, एका पायावर तयार असेल."

"राजीव, ठेव फोन," ती म्हणाली, आणि तो ठेवायच्या आत तिनेच ठेवला.

कोचच्या खोलीकडे जाणारा बोळ ड्रेसिंग रूमच्या मागून जात होता. वाटेत सामानाची खोली लागायची. तिचं दार अर्धवट उघडं होतं. आत काठ्यांच्या ढिगापाशी रोनन एकटाच उभा होता, एका पायावर. दुसरा गुडघा पोटाशी घेऊन तो मोजा चढवत होता. मोजा टाचेपर्यंत आला आणि तो तसाच थांबला. मान खाली, डोळे गच्च मिटलेले. एक लांब श्वास त्याने आत घेतला, सोडला, पुन्हा घेतला. त्याचा देह जराही हलला नाही. खांब रोवल्यासारखा तो उभा होता.

देवयानी बघत राहिली. मघाशी काय खटकलं होतं ते आता तिच्या लक्षात आलं. खरोखर तोल गेलेल्या माणसाचे हात आधी कमरेवरून सुटतात, ते कशाला तरी धरायला धावतात. रोननचे हात जागचे हललेच नव्हते. एखादी पायरी उतरावी तसा त्याने पाय खाली ठेवला होता, आणि तोही तीनदा.

तिला आधी रागच आला. इतकी वर्षं दुखणं लपवणारे पाहिले, आणि हा पठ्ठ्या दुखणं आणून दाखवत होता.

रोननने डोळे उघडले. ती दिसली. त्याने पाय हळूच जमिनीवर टेकवला. रिंकवरच्या स्पीकरवर कुणीतरी 'वन, टू' करत होतं.

"गॅरीला काय सांगणार तुम्ही, डॉक?" त्याने विचारलं.

"जे पाहिलं ते."

त्याने मान हलवली, बाकावर बसला आणि दुसरा मोजा शोधायला लागला. मोजा त्याच्याच खांद्यावर होता.

सोलापूरला, माहेरी, देवयानीची एक ख्याती होती. डॉक्टर झाल्यापासून तिने कोणालाही खोटं सर्टिफिकेट दिलं नव्हतं. काकांना मेहुण्याच्या लग्नासाठी रजा हवी होती, नाही दिलं. भाचा पियूष परीक्षेला घाबरून झोपून राहिला, त्यालाही नाही. "आमच्याकडे राजा हरिश्चंद्र एमबीबीएस झालाय," असं काका चारचौघांत म्हणायचे. धाकटी बहीण स्वप्नाली शाळेत शिकवायची. तिला एकदा निवडणुकीची ड्यूटी नको होती. देवयानीने तिचं बीपी बघितलं, नाडी बघितली आणि तुला काहीही झालेलं नाही असं सांगितलं. स्वप्नाली भांडली नाही. पर्स उचलताना ती एवढंच म्हणाली, "काही झालेलं नाही म्हणजे मी बरी आहे, असं नसतं ताई." आणि ड्यूटीवर गेली.

कोच गॅरी वाटच बघत होता. कॅनडाहून आलेला हा माणूस एरवी मोठमोठ्याने बोलायचा, आज त्याचा आवाज खाली होता. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. शनिवारच्या धडकेची चित्रफीत त्याने लावूनच ठेवली होती. हे बघा, खांदा खांद्याला लागला, डोकं फळीला नुसतं घासलं, यात एवढं काही नाही, असं तो समजावत होता. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं.

"परत लावा," देवयानी म्हणाली. "हळू."

गॅरी खांद्याकडे बघत होता. ती चेहऱ्याकडे बघत होती. समोरचा खेळाडू अजून दोन हात लांब होता. रोननला वळायला जागा होती, वेळ होता. आणि त्याने डोळे मिटून घेतले. आईने हात उगारल्यावर लहान मूल मिटतं, तसे. धडक बसली ती नंतर.

इतक्या वेगाने अंगावर येणाऱ्या माणसांच्या खेळात जो आधीच डोळे मिटतो, त्याची मान पुढच्या वेळी कशी वळेल याचा काही भरवसा नसतो. असल्या माना तिने हॉस्पिटलात पाहिल्या होत्या. पण या दुखण्याला तिच्याकडे नाव नव्हतं. नाव दिलं असतं, तर ते पाच मिनिटांत ड्रेसिंग रूममध्ये पोचलं असतं, तासाभरात स्टेडियममध्ये, आणि मग रोनन या शहरात जन्मभर त्याच नावाने ओळखला गेला असता. घाबरला, हा एकच शब्द इथे कोणी कोणाला माफ करत नव्हतं.

"गुरुवारी तुम्हीच म्हणालात, सगळं ठीक आहे," गॅरी म्हणाला.

"म्हणाले होते."

"मग मला एका शब्दात सांगा. खेळेल की नाही?"

वर प्रेक्षक यायला लागले होते. पायांची धडधड छतातून ऐकू येत होती. खरं सांगायचं तर उत्तर सोपं होतं. माणूस धडधाकट आहे, खेळू दे. तिची सगळी हरिश्चंद्रगिरी त्याच बाजूला उभी होती.

"नाही," देवयानी म्हणाली. "त्याचा तोल राहत नाहीये. मी तीनदा बघितलं."

"आणि फायनल? आठवडा आहे मध्ये."

"फायनललाही नाही. या सीझनला नाही."

गॅरीने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"खात्री आहे तुमची?"

"हो."

आयुष्यातलं पहिलं खोटं सर्टिफिकेट तिने उभ्याउभ्याच लिहिलं. शब्द अडतील असं तिला वाटलं होतं. ते अडले नाहीत, आणि याचीच तिला थोडी भीती वाटली.

मॅच चारला सुरू झाली. कॅप्टन खेळत नाही म्हटल्यावर स्टेडियममधून जो आवाज उठला, तो ओरडण्याचा नव्हता, दमल्याचा होता. रोनन सूट घालून बाकाच्या मागे उभा राहिला. रेव्हन्सची पोरं जिवाच्या कराराने खेळली. दोनदा मागे पडली, दोनदा बरोबरी केली, आणि तिसऱ्यांदा पुन्हा मागे पडली. शेवटच्या मिनिटांत गॅरीने गोलकीपरलाही बाहेर बोलावून सगळी माणसं पुढे घातली. मग ती काळी चकती कोणाच्या तरी काठीला लागून उलटी फिरली आणि रिकाम्या गोलात सावकाश, कोणालाही गाठता येणार नाही अशी, घरंगळत गेली. चॅम्पियनपदाचा झेंडा छतालाच लटकत होता, पण आता तो जुन्या वर्षाचा झाला होता.

लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या, मग वाजवता वाजवता बाहेर पडले. काचेपलीकडे एका म्हाताऱ्याने शेजारणीला बोटाने देवयानी दाखवली, हीच ती डॉक्टर, असं सांगत असावा. खेळाडू तिच्यासमोरून गेले. एकाचा पुन्हा फुटलेला ओठ तिने शिवला, तो थँक्यू म्हणाला, पण तिच्याकडे बघितलं नाही. गॅरी तर मान वळवूनच गेला. फोनवर राजीवचा मेसेज होता. मिसळ उरलीय, तुझ्यासाठी ठेवतो, हळू ये. ते वाचून तिला रडू आलं. तिने बॅग आवरली.

पार्किंगमध्ये अजून लख्ख उजेड होता. नदीवरून वारा येत होता आणि सीगल कोणीतरी टाकलेल्या चिप्सवर भांडत होते. ती गाडीत बॅग ठेवत होती, तेवढ्यात रोनन आला. सूट तसाच, टाय खिशात कोंबलेला.

"आज सगळे तुम्हाला शिव्या घालतायत," तो म्हणाला.

"घालू देत. मी सँट्रीला राहते, तिथपर्यंत ऐकू येत नाही."

तो हसला, पण हसू पुरं झालं नाही. त्याला आणखी काही बोलायचं होतं. मग त्याने बॅग खाली ठेवली, हात कमरेवर घेतले, डोळे मिटले आणि उजवा पाय उचलला.

वाऱ्याने त्याचा कोट फडफडत होता. तो हलला नाही. ऑगस्टमध्ये उभा राहिला होता तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, आणि बंद पापण्यांखालून पाणी आलं. तिला जे सांगायचं होतं, ते त्याला असंच सांगता येत होतं.

मागे खेळाडूंचं दार उघडलं. आतून आवाज आले, बॅगांची चाकं वाजली.

"पाय खाली ठेव रे," देवयानीच्या तोंडून मराठीच निघालं. "कोणी बघेल."

त्याला अर्थातच कळलं नाही. तो तसाच उभा राहिला. तेव्हा ती चार पावलं सरकली, आणि दार आणि रोनन यांच्या मधोमध, दाराकडे पाठ करून उभी राहिली.