विसरून ठेवलेला बाहुला

मित्रांनो, मी एक जुना कापडी बाहुला आहे, पण माझ्याशी भातुकली कोणी खेळले नाही. मी कामाचा बाहुला. नेग्रोस बेटावर, उसाच्या रानांनी वेढलेल्या आमच्या गावात एकवीस वर्षे मी तान्ह्या बाळाचे काम केले. इतकी वर्षे तान्हे राहणे सोपे नसते. वय वाढत नाही, शीण मात्र वाढतो.

मला शिवले पुराने. सारा गाव तिला मानांग म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. मानांग पुरा आरोग्य केंद्राची सेविका. ज्या घरात पहिले मूल यायचे असेल, त्या घरी ती बाळंतपणाच्या आधीपासून जाऊ लागायची आणि मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहायची. नव्या आईबापांच्या हाताशी उभे राहायचे, आणि थकव्याच्या, रागाच्या भरात लेकरावर कोणाचा हात पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचे, हे तिचे काम. शिकवणीच्या वेळी केंद्राने तिला बाळाचे एक चित्र दिले होते. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "बेर्तिंग, कागदाला मान नसते. पोरांच्या बापांना मी दाखवू काय?"

मग तिने मैद्याचे पोते धुतले, उकळले आणि मला बेतले. पोटात भाताचे तूस आणि डोक्यात नदीची वाळू भरली. मानेत मात्र काहीच भरले नाही. नुसते एकेरी कापड ठेवले, म्हणजे आधार काढला की डोके लुळे पडेल, अगदी खऱ्या बाळासारखे. वजन बघायला ती मला बाजारात मासळीवालीकडे घेऊन गेली. मासळीवालीने मला तराजूत टाकले आणि म्हणाली, "तीन किलोला थोडा कमी. ताजा आहे का गं? कल्ले दाखव की!" पुराने तिथेच आणखी मूठभर वाळू भरली. दुसऱ्या दिवशी संत इसिद्रोचा सण होता, म्हणून माझे नाव इसिद्रो पडले.

घरात शिरल्या शिरल्या मानांगने कधी उपदेश केला नाही. ती आधी बाळंतिणीला विचारायची, "जेवलीस का?" मग चुलीवर शेवग्याच्या पाल्याचे कालवण ठेवायची, दोन भांडी विसळायची. तोवर त्या मुलीचे रडून व्हायचे, कारण पहिल्या महिन्यात बहुतेक घरांत रडू असतेच. मग ती पिशवीतून मला काढून बापाच्या हातात द्यायची.

मित्रांनो, मला माणसांचे चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत. हात राहतात. ऊस तोडून घट्टे पडलेले हात. कोणी मला कोयत्यासारखे धरायचा, कोणी कोंबडीसारखे. "अरे, मला घेऊन बाजारात निघालास काय? डोक्याखाली हात घाल," असे ती माझ्या वतीने म्हणायची आणि सारे हसायचे. मी कितीदा तरी पडलो. मी पडलो तेवढ्या वेळा खरी बाळे पडली नाहीत, याचे मला समाधान आहे. जत्रेत मानांगचा सत्कार झाला, तेव्हा माझाही फोटो निघाला. "मानांग, तुझा इसिद्रो केवढा झाला! लग्न लाव आता," असे लोक चिडवत, आणि ती म्हणे, "आधी मान तरी धरू दे त्याला!"

पण नऊ वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. साखर कारखान्याच्या रुळांपलीकडे डेल्मा नावाची मुलगी राहत होती. तिच्या घरी आम्ही तीनदा गेलो. चौथ्या वेळी दार उघडले नाही. तिच्या सासूने खिडकीतून डोके काढले आणि म्हणाली, "सगळं छान आहे. बाळ झोपलंय. उन्हाची कशाला तंगडतोड करतेस?"

मानांगचा गुडघा त्या दिवशी सुजला होता. अजून तीन घरे बाकी होती. ती "बरं" म्हणाली आणि वळली. मी पिशवीत होतो. तिचे पाऊल हलके झाल्याचे मला जाणवले.

आठ दिवसांनी बातमी आली. डेल्माच्या बाळाला शहरातल्या इस्पितळात नेले होते. त्याचा हात मोडला होता आणि तो पडून मोडलेला नव्हता. बाळ वाचले. नातेवाइकांनी त्याला दुसऱ्या बेटावर नेले आणि आमच्या गावाने ते पुन्हा पाहिले नाही.

बेर्तिंग तिच्या गुडघ्यावर कोमट पाणी ओतत होता, तेव्हा ती म्हणाली, "ती म्हणाली सगळं छान आहे, आणि मला बरं वाटलं रे. एक घर सुटलं म्हणून बरं वाटलं."

पाणी संपेपर्यंत बेर्तिंग ओतत राहिला.

दोन महिने मी खुंटीवर लोंबकळत होतो. उंदरांनी माझा कान कुरतडला. मग एके सकाळी तिने मला खाली काढले, कान शिवला आणि पुन्हा चालू लागली. तेव्हापासून ती एक युक्ती करू लागली. ज्या घरात "सगळं ठीक आहे" हे उत्तर फार लवकर यायचे, त्या घरात ती मला विसरायची. दुसऱ्या दिवशी न्यायला जायची. उपदेश करणाऱ्याला लोक दार उघडत नाहीत, पण विसरलेली वस्तू न्यायला आलेल्याला कोण नाही म्हणणार? अशा किती घरांच्या कोपऱ्यांत मी रात्री काढल्या, ते आता आठवतही नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही जेर्सन आणि रियालिन यांच्याकडे जाऊ लागलो. तो बावीस वर्षांचा, ती एकोणीस. कारखाना बंद असायचे दिवस होते. ऊस नाही, म्हणून काम नाही, म्हणून जेर्सन दिवसभर घरात. रियालिनची आई हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची मुले सांभाळते, त्यामुळे बाळंतीण मुलीला आई फोनमध्येच दिसायची. त्यांची लेक लेंगलेंग दुपारी रडायला सुरुवात करायची, ती दिवेलागणीपर्यंत.

"मी काय बाहुल्यांशी खेळू?" जेर्सनने पहिल्या दिवशी विचारले होते.

"खेळू नकोस. धर," मानांग म्हणाली. आणि दर खेपेला त्याला सांगायची, "तोतो, डोकं फिरलं की पोरीला चटईवर उताणी ठेव आणि बाहेर जाऊन बस. रडून मूल मरत नाही." धाकट्या भावाला आमच्याकडे तोतो म्हणतात. तोतो छपराकडे बघत राहायचा.

पाचव्या खेपेला रियालिनचे डोळे खोल गेले होते. जेर्सन भिंतीकडे तोंड करून बसला होता. मानांगने विचारले, "तोतो, तुझं कसं..."

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. प्रश्न पुरा झालाही नव्हता.

मानांगने मला चटईच्या कडेला ठेवले, रिकामी पिशवी उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रियालिन बाळाचे कपडे धुवायला नळावर गेली. लेंगलेंग रडू लागली. जेर्सनने तिला घेऊन फेऱ्या मारल्या, गाणे म्हटले, पाठ चोळली. ती धनुष्यासारखी ताठ होऊन रडतच राहिली. "गप! गप म्हणतो ना!" तो ओरडला. त्याने तिला दोन्ही दंडांना धरून समोर उचलले आणि त्याची बोटे तिच्या दंडांत रुतली.

मित्रांनो, मला हात कळतात. पुढे काय होणार ते मला कळले. मला ओरडता येत नाही, याचे त्या दिवसाइतके दुःख मला कधी झाले नाही.

त्याने तिला चटईवर ठेवले. हलक्या हाताने नाही, पण ठेवले, आणि उताणी ठेवले. मग त्या हातांना मी सापडलो. पन्नास किलोची पोती उचलणाऱ्या त्या हातांनी त्याने मला गदागदा हलवले. तिसऱ्या हिसक्याला माझी मान फाटली. डोक्यातली वाळू सळसळत, खांबांवर उभ्या त्या घराच्या बांबूच्या जमिनीतून खाली गळाली. खालच्या कोंबड्या पळाल्या. माझे डोके रिकाम्या थैलीसारखे त्याच्या मनगटावर लोंबू लागले.

जेर्सनने माझ्याकडे पाहिले. मग लेकीकडे पाहिले. मला खाली ठेवून तो बाहेर गेला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून शिडीच्या पायरीवर बसला.

थोड्या वेळाने मानांगचा आवाज आला. "अरे, काल इसिद्रोला विसरले बघ..." आणि ती थांबली.

"मानांग, आत जा," तो म्हणाला. "मी जाणार नाही."

"काय केलंस?"

"तिला नाही. तिला नाही केलं. त्याला केलं."

तो दुखरा गुडघा घेऊन मानांग शिडी इतक्या झटकन कशी चढली, देव जाणे. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. लेंगलेंगचे कपडे उतरवले, डोके चाचपले, मान पाहिली, एकेक बरगडी पाहिली. मग तिला खांद्यावर घेऊन ती बाहेर त्याच्या शेजारी बसली.

"दंडांवर बोटं उठलीत तुझी."

"माहीत आहे."

"काल का नाही बोललास?"

"काय बोलू? बाप असून पोरीला हात लावायची भीती वाटते, असं सांगू? लोक शेण घालतील तोंडात."

मानांग बराच वेळ बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "माझा तिसरा असाच रडायचा. एक दिवस त्याला चटईवर टाकून मी उसात पळून गेले. परत यायचंच नाही असं ठरवून गेले होते. दिवस मावळताना आले. बेर्तिंगला अजून ठाऊक नाही."

जेर्सनने पहिल्यांदा तिच्याकडे मान वर करून पाहिले.

"ऊठ. रियालिनला हाक मार. पोरीला केंद्रात दाखवायचं आणि झालं ते सगळं सांगायचं. लपवायचं काही नाही. आणि जेवलायस का सकाळपासून?"

तो जेवला नव्हता.

केंद्राने लेंगलेंगला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले. आत काही इजा नव्हती. मानांग आठवड्यातून तीनदा जाऊ लागली. शेजारची इसिंग म्हातारी दुपारी दोन तास बाळाला घेऊन बसायची आणि तेवढा वेळ रियालिन झोपायची. हाँगकाँगला फोन करून सासूला जे झाले ते जेर्सनने स्वतः सांगितले. सगळे एका दिवसात सरळ झाले असे समजू नका. तो आणखी दोनदा पायरीवर येऊन बसलेला मी पाहिला. तिसऱ्या महिन्यात बाळाचे रडणे आपोआप ओसरले, जसे ते ओसरतेच.

माझे म्हणाल, तर चौथ्या दिवशी जेर्सन घराखाली शिरला, कोंबड्यांच्या विष्ठेतून वाळू वेचून चाळली आणि माझ्या डोक्यात भरली. कारखान्यात तो पोती शिवतो. दाभण आणि सुतळी घेऊन त्याने माझी मान शिवली. इतकी मजबूत शिवली, की मानांग म्हणाली, "मेल्या, रेड्याची मान झाली की याची!"

ताठ मानेचे तान्हे कोणाच्या कामाचे? लवकरच केंद्रात डोळे मिटणारा प्लास्टिकचा बाहुला आला. मानांगचे गुडघे संपले आणि दुसरी सेविका फिरू लागली. मी फळीवर पडून राहिलो. कोणी विचारले नाही, आणि खरे सांगू, मलाही विसावा हवा होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायला मी आलो नाही. वस्तू फाटतात, शिवता येतात. पण तुमच्या शेजारी नवे बाळ आले असेल, तर त्याच्या आईबापांची चौकशी एकदा करून थांबू नका. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पुन्हा जा.

गेल्या महिन्यात जेर्सन मला मागायला आला. त्याच्या घराच्या ओळीत एका तरुणाला मुलगी झाली आहे आणि तो कोणाशी बोलत नाही, असे तो म्हणाला. मानांगने मला झटकून त्याच्या हातात दिले. माझ्या मानेला आता गरज नाही, तरी त्याने डोक्याखाली हात घातला.

तो तरुण दारातच बसला होता. आत बाळ रडत होते. जेर्सन त्याच्या शेजारी बसला आणि माझ्या मानेवरची सुतळी त्याला दाखवली.

"ही मान मी फाडली होती," तो म्हणाला. "पोरगी चार हातांवर होती."

तरुणाने सुतळीवरून बोट फिरवले. मग हळूच विचारले, "मनोंग, किती वेळ बसायचं असतं बाहेर?"

मनोंग म्हणजे थोरला भाऊ. जेर्सनला कोणी तसे म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

"हात थांबेपर्यंत," जेर्सन म्हणाला. त्याने मला त्या तरुणाच्या मांडीवर ठेवले आणि उठला. "तू बस. तोवर मी घेतो तिला."