जाऊबाईंची पायरी

सातवं खोकं आलं तेव्हा शिवणवालीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कापड बेतायच्या टेबलाखाली चार, मशीनमागे दोन आणि हे आता थेट दारात. सगळ्यांत तेच: चेहऱ्याचं क्रीम, लिपस्टिक, डोळ्यांखाली लावायचं जेल. पत्र्याच्या छपराखाली तापून जुन्या डब्यांतलं क्रीम फुटलं होतं. वर तेल, खाली पाणी.

या क्रीमच्या कंपनीत सदस्य म्हणून तिने नाव घातलं ते मोठ्या जाऊबाईंच्या शब्दाखातर. महिना सरत आला की त्यांचा फोन ठरलेला.

"अजून दोन उचल. दोनच दिवस राहिलेत, नाहीतर कंपनीत माझी पायरी खाली येते."

"वहिनी, आधीचीच पडून आहेत. विकू कुणाला?"

"विकायचं नंतर बघू गं. आधी माल उचलायचा असतो."

पँट आखूड करायला आलेल्या प्रत्येकीने भिडेखातर एकेक डबी घेऊन झाली होती. त्यातल्या दोघी-तिघी आता कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे जायला लागल्या होत्या. बस चालवणाऱ्या नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणे, "माझ्या वहिनीशी मी नाही भांडणार. तुला भांडायचं तर भांड."

त्या दिवशी ती पहिल्यांदा नाही म्हणाली. "घरचीच माणसं पाय ओढतात," असं म्हणून जाऊबाईंनी फोन ठेवला.

शेजारच्या गाळ्यातली इस्त्रीवाली मात्र महिनोन् महिने ही खोकी येताना बघत होती. तिला वाटलं, धंदा जोरात आहे. दुपारी ती आत येऊन म्हणाली, "ताई, मलाही घ्या की तुमच्यात."

शिवणवालीने कात्री घेतली आणि दारातल्या खोक्याचं सील कापलं. मग जुन्यातली एक फुटलेली डबी तिच्या नाकाखाली धरली. "हे बघ. विकलं जात नाही. माझं मीच विकत घेते आणि माझं मीच ठेवते."

इस्त्रीवालीने डबीचा वास घेतला. "तुम्हाला बोलता येत नाही गिऱ्हाइकाशी, म्हणून. मी विकून दाखवते." आणि जाता जाता म्हणाली, "नसेल सांगायचं तर राहू द्या. एकटीनेच खायचं असतं कुणाकुणाला."

हे शिवणवालीला फार लागलं. तिने लगेच जाऊबाईंना फोन करून बजावलं, की शेजारीण आली तर तिला गळाला लावू नका, तिचं हातावर पोट आहे. जाऊबाई म्हणाल्या, "बरं." दुसऱ्याच दिवशी कंपनीचा संदेश आला: अभिनंदन, आपल्या गटात एक नवीन सदस्य.

तिने लगेच जाऊबाईंना फोन लावला.

"तुझ्याच खाली लावली तिला," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या भल्यासाठीच ना. आणि तीन खोकी घेतलीत तिने एका झटक्यात. शीक जरा."

शिवणवाली दोन दिवस मशीनवर बसली, पण एक शिवण सरळ येईना. तिसऱ्या दिवशी तिने इस्त्रीवालीचा फॉर्म मागून घेतला आणि मागची बारीक अक्षरं भिंगाखाली धरून वाचली. सीलबंद माल तीस दिवसांत परत घेतला जाईल. स्वतःच्या फॉर्मच्या मागेही तेच होतं. वर्षभर कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि तिनेही फॉर्म उलटून पाहिला नव्हता.

इस्त्रीवालीला पटायला आणखी तीन आठवडे लागले. तोवर तिच्या दोन डब्या खपल्या होत्या, त्यातली एक तिच्या बहिणीने घेतली होती.

दोघी रिक्षात खोकी कोंबून गोदामावर गेल्या. कारकून म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. मग म्हणाला, संगणक बंद आहे. मग म्हणाला, वरच्या सदस्याची सही लागते.

"वरची मीच आहे," शिवणवाली म्हणाली. "आण कागद."

संध्याकाळी शटर अर्धं खाली आल्यावर त्याने इस्त्रीवालीची दोन न फोडलेली खोकी परत घेतली. शिवणवालीच्या सातही खोक्यांना नकार मिळाला: सहांची मुदत गेलेली, सातव्याचं सील कापलेलं. तिथल्या तिथेच तिने सदस्यत्व सोडल्याचा अर्ज लिहून टेबलावर आपटला. त्याची पोच मात्र मागून घेतली.

महिनाअखेरीला जाऊबाईंची पायरी घसरली आणि त्यांनी बोलणं टाकलं. घरातल्या कार्यात त्या तिच्याकडे पाठ करून बसल्या. नवरा म्हणाला, "जरा नमतं घ्यायचं होतंस."

आणि इस्त्रीवाली? आभार वगैरे काही नाही. कपड्यांचा गठ्ठा कमरेवर घेऊन ती दारात थांबली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हा जरा जोर लावून सांगायचं होतं हो. माझं एक खोकं वाचलं असतं."