आभारात मागणी चालत नाही

नळ्या सहा, जोड चौदा, कॉक पाच. गळती कुठेच नाही.

ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. उताणं पडल्या पडल्या प्लंबरने स्वतःच्या अंगावरच्या फिटिंगची पाहणी उरकली होती. मानेत दोन नळ्या, हातात एक, पोटातून एक, नाकाशी ऑक्सिजनची एक. सहावी नळी पलंगाखाली उतरून एका पारदर्शक पिशवीत जात होती. पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. काम चोख होतं, नाव ठेवायला जागा नव्हती.

फक्त पिशवी रिकामी होती.

त्याच्या ओटीपोटात उजव्या बाजूला आता ताईची किडनी होती. "मला दोन आहेत, तुला एकही धड नाही. गणित पहिलीतलं आहे," असं म्हणून थोरल्या बहिणीने विषय संपवला होता. जिवंत माणसाने दिलेली किडनी बहुधा ऑपरेशनच्या टेबलावरच कामाला लागते. शंभरातल्या चार-पाच मात्र काही दिवस झोपून राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक पुढे जाग्या होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या 'बहुतेक'पाशी प्लंबर अडकून बसला होता. ती जागी झाली नाही, तर त्याचं पुन्हा डायलिसिस, आणि ताईची किडनी फुकट.

सिस्टर दर तासाला येऊन पिशवी बघत.

"लाइनीत हवा अडकली असेल," प्लंबर म्हणाला. "नवी लाइन जोडली की पाणी लगेच येत नाही. आधी नळ खोकतो, थुंकतो, मग येतं."

"मग तुम्ही काय करता, काका?"

"गिऱ्हाइकाला सांगतो, नळ उघडा ठेवा आणि धीर धरा."

"मग धरा की," सिस्टर म्हणाल्या आणि तक्त्यावर शून्य लिहून गेल्या.

संध्याकाळी बायको आली. टोपी, मास्क, पायघोळ गाऊन. दिसत होते ते फक्त डोळे. पण रोख ओळखायला तेवढे पुरेसे होते.

त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, अशी रीत होती. बायकोने ती माहेराहून आणली होती, दोन नियमांसकट. कालचंच आज म्हणायचं नाही, आणि आभारात मागणी चालत नाही. एकोणीस वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता. दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं त्या रात्रीसुद्धा ती म्हणाली होती, "देवा, या डॉक्टरांनी आडवळण न घेता सरळ सांगितलं, त्याबद्दल आभार." प्लंबरचं सगळं एका दमात व्हायचं. बेकरीतला नळ झाला, आभार. दुसऱ्या दिवशी, शाळेची टाकी झाली, आभार. नियम पाळला जायचा आणि घासही थंड व्हायचा नाही.

"अहो, म्हणा," बायको म्हणाली.

"काय म्हणू? पिशवी बघ."

"बघितली."

"चालू झाली की म्हणतो. चांगलं घसघशीत म्हणतो."

"ती पावती झाली."

"काम झाल्याशिवाय मी पावती देतच नाही."

"तुम्ही म्हटल्याशिवाय मी खाली जाऊन जेवणार नाही. आणि मला कडकडून भूक लागली आहे."

प्लंबरने डोळे मिटले. "देवा, उद्या सकाळपर्यंत लघवी होईल, त्याबद्दल आभार."

"मागणी."

"देवा, आज झाली नाही, म्हणजे उद्या नक्की..."

"मागणी. मागच्या दाराने आलेली."

"देवा, तू सगळ्यांचं ऐकतोस..."

"हा मस्का."

प्लंबरलाच नवल वाटलं. बाथरूममध्ये पाणी कुठेही सांडा, उताराने ते जाळीकडेच जातं. तसं तो काहीही बोलायला गेला तरी वाक्य घरंगळत पिशवीकडेच जात होतं.

तेवढ्यात काचेच्या दारावर टकटक झाली. ताई होती. एका हातात सलाइनचा स्टँड, दुसरा पोटावर, पाठीत वाकलेली, मागे धास्तावलेली एक सिस्टर.

"काय रे ठोंब्या, उठली का माझी किडनी?"

"झोपली आहे."

"माझ्यावर गेली. मला आई पाण्याचे हबके मारून उठवायची."

"हसवू नकोस, टाके ओढतात."

"मला काय बटणं लावली आहेत? बावीस पावलं चालून आले तुझ्यासाठी. मोजून. वाटेत दोनदा शिव्या घातल्या तुला." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "चांगली होती रे ती. सगळ्या तपासण्या करून दिली होती मी."

"माहीत आहे, ताई."

सिस्टर तिला वळवून घेऊन गेली. स्टँडची चाकं बराच वेळ कुरकुरत राहिली. ती थांबली तसा प्लंबर म्हणाला, "देवा, ताई बावीस पावलं चालली. आभार."

बायको पुढे मागणीचं शेपूट येण्याची वाट बघत राहिली. शेपूट आलं नाही.

"बस?"

"बस. जा, जेव आता."

तिसऱ्या दिवशी शून्यच. डायलिसिसचं यंत्र आलं, चार तास घरघरलं आणि गेलं. संध्याकाळी प्लंबर म्हणाला, "देवा, चादर बदलताना सिस्टरनी टाक्यांना धक्का लागू दिला नाही, आभार." चौथ्या दिवशी चार मिलिलिटर. तो बायकोला हाका मारणार, इतक्यात डॉक्टर म्हणाले, "हे धरायचं नाही."

त्या संध्याकाळी त्याने भिंतीकडे तोंड केलं. "आज मला काही सापडत नाही. देवाशी खोटं बोलू का?"

"नका बोलू. शोधा. मी आहे बसलेली."

ती खरंच बसून राहिली. दिवसाला लिटरभराच्या आत पाणी, असं करत त्याने दोन वर्षं काढली होती. दिवसभर लोकांचे नळ सोडायचे आणि आपण ओठ चाटायचे. बऱ्याच वेळाने तो भिंतीशीच बोलला, "दुपारी बर्फाचा एक खडा मिळाला. विरघळायला साडेतीन मिनिटं लागली. आभार."

"घड्याळ लावलं होतंत?"

"मग काय करणार इथे पडून?"

पाचव्या दिवशी दुपारी दोनला सिस्टर पिशवीपाशी वाकल्या, उठल्या, पुन्हा वाकल्या.

"काका, नळी हलवलीत का?"

"मी काही हलवत नाही. काय झालं?"

"चाळीस."

मग एकच धांदल उडाली. डॉक्टर आले आणि पिशवी उजेडात धरून लग्नाचा फोटो बघावा तशी बघत राहिले. तीनला पंचावन्न, चारला सत्तर. बायको फोनवर एकाच वाक्यात हसत होती आणि रडत होती. "जेवढी लघवी होते तेवढं पाणी प्या," डॉक्टर म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा प्लंबरने भरलेला पेला तोंडाला लावून रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

संध्याकाळी ताईला खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. जेवणाचा ट्रे आला. प्लंबर सूप भुरकत डॉक्टरांना दवाखान्याची पाण्याची लाइन कशी चुकीची टाकली आहे ते सांगत होता, बायको पाव मोडून देत होती, ताई आपल्या किडनीचे लहानपणापासूनचे गुण सांगत होती. डॉक्टर हसत हसत गेले. सूप संपत आलं.

"बरं, तुमचं ते रोजचं आभारांचं केव्हा झालं?" ताईने विचारलं. "मी यायच्या आधी?"

बायकोचा हात पावासकट हवेतच राहिला.

"अगं बाई!"

"तू पण?" प्लंबर म्हणाला.

"एकोणीस वर्षं! अहो, एकोणीस वर्षांत एकदा नाही..." ती मटकन पलंगाच्या कडेला बसली. "आणि आज!"

ताई पोट धरून हसायला लागली. "अगं आई गं... टाके... बोला आता काहीतरी लवकर."

"आज काहीही म्हणा," बायको डोळे पुसत म्हणाली. "दोन्ही नियम माफ."

"नको, राहू देत." प्लंबरने चमचा खाली ठेवला, तोंडातला घास गिळला आणि थोडा वेळ पलंगाखालच्या पिशवीकडे बघितलं. "देवा, आम्ही दोघं विसरलो, तरी चालूच राहिली. आभार."

बायकोने त्याच्या गाऊनवरचा पावाचा चुरा झटकला.

आठ वाजता सिस्टर आल्या, वाकल्या आणि तक्त्यावर लिहिलं: सात ते आठ, एकशे पस्तीस मिलिलिटर.