कुंदाताईंच्या पोटात हरवलेला लूप

मित्रांनो, मी एक जुना लूप आहे. दिवस राहू नयेत म्हणून बाईच्या गर्भाशयात बसवतात ना, तो प्लास्टिकचा, वेटोळ्यांचा. माझी गोष्ट सांगताना मान खाली जाते. माझ्यामुळे एक बाई खोटी ठरली.

सत्तर साली जबलपुरात, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, कुटुंब नियोजनाचं शिबिर भरलं होतं. कुंदाताई राजीखुशीनं आल्या. दोन मुली पुरे, असं त्यांचं आणि यजमानांचं, गुणवंतरावांचं, ठरलं होतं. मला काम एकच, जागा सोडायची नाही. तेवढंही जमलं नाही मला मेल्याला! लूप जागेवर आहे हे तपासता यावं म्हणून मला खाली एक दोरा असतो; गर्भाशयाची भिंत पोखरून मी त्या दोऱ्यासकट पोटात सरकलो.

एकाहत्तरमध्ये ताईंना दिवस गेले. नर्सबाईंना दोरा सापडेना. लूप गळून पडला असेल, म्हणाल्या. ते लढाईचं वर्ष. गुणवंतराव दोन-दोन पाळ्या करून तोफगोळे तपासत, केसाएवढी चीरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरी मात्र न तपासताच निकाल दिला.

"मुलगा पाहिजे म्हणून तूच काढून टाकला."

"मी हात नाही लावला हो," ताई म्हणाल्या.

सासूबाईंनी लेकाची री ओढली. गुणवंतरावांनी शेजारच्या तीन घरी तेच सांगितलं. नळावर बायका ताईंकडे बघून हसत. आणि मी आत गुपचूप बसलेलो. लाज वाटायची हो फार.

तिसरी मुलगी झाली, तरी ताईंचं पोट दुखायचं थांबेना. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढायला लावला. माझ्या प्लास्टिकात एक भुकटी मिसळलेली असते, म्हणून मी फोटोत पांढराफटक दिसलो. आतड्याला चिकटलो होतो. पोट उघडून मला सोडवताना डॉक्टरीणबाईंना घाम फुटला.

शुद्धीवर आल्यावर ताईंनी मला बाटलीत घालून मागितलं आणि यजमानांच्या हातात दिलं.

"आता काहून गप्प? ज्या ज्या घरी बोललात, तिथे हे घेऊन जा. आधी आईंना दाखवा."

गुणवंतराव गेले. आईपुढे आणि तिन्ही दारांत म्हणाले, कुंदा खरं बोलत होती, चूक माझी. संध्याकाळी दवाखान्यात येऊन सांगितलं, सगळ्यांना सांगून आलो.

"आणि मला?" ताईंनी विचारलं.

गुणवंतरावांनी बाटली खाटेपाशी ठेवली.

मित्रांनो, दोरा सापडला नाही तर लूप गळला असं धरून चालू नका, लगेच शोध घ्या. आणि बाई सांगते ते आधी खरं माना. मला तर डॉक्टरीणबाईंनी कापून काढलं. 'तूच काढून टाकला' हे गुणवंतरावांचं बोलणं मात्र ताईंच्या आत तसंच राहिलं.